घाटवाटांसाठी फोन आणि सिम: दीड वर्षाच्या वापरानंतर

सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याने फोन कोणता घ्यावा, हा प्रश्न आमच्या नाशिकच्या गटात दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर निघतो आणि दर वेळी चर्चा कॅमेऱ्यापाशी येऊन थांबते. माझ्या मते तिथून सुरुवात करणेच चुकीचे आहे. डोंगरातल्या फोनची परीक्षा दुपारी चारच्या सुमारास होते. हात ओले आहेत, बॅटरी उतरत आली आहे, खिंडीत ढग भरला आहे आणि खालच्या गावाला एक निरोप पोहोचवायचा आहे, तो या फोनवरून आणि या सिमवरून पोहोचेल का, एवढेच तेव्हा पाहायचे असते. गेली दीड वर्षे मी सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सकव्हर ७ हा फोन आणि त्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे केवळ भटकंतीसाठी वापरते आहे. या जोडीविषयी आणि ती निवडण्यामागच्या विचाराविषयी येथे लिहीत आहे.

हा निकष मला एका प्रसंगाने शिकवला. काही वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात हरिश्चंद्रगडावरून टोलारखिंडीच्या वाटेने खिरेश्वरला उतरताना आमच्यातल्या एकाचा घोटा मुरगळला आणि त्याला पाय टेकवेना. माझा त्या वेळचा फोन एका नामांकित कंपनीचा होता आणि त्याच्या खोक्यावर पाण्यापासून संरक्षणाची खूण होती. तो बंद पडला नाही, हे खरे. परंतु पडद्यावर पावसाचे थेंब पडत असताना त्याला बोटाचा स्पर्श कळत नव्हता, आणि चार्जिंगचे तोंड ओले झाल्यामुळे पॉवर बँक जोडूनही तो चार्ज होत नव्हता. रेंजच्या दोन काड्या स्पष्ट दिसत होत्या, तरी फोन लागत नव्हता. अखेर एका सोबत्याच्या, वेगळ्या कंपनीच्या सिमवरून एक एसएमएस गेला. ज्या घरात आमचा मुक्काम होता तिथली माणसे बांबू, दोर आणि घोंगडी घेऊन वर आली आणि अंधार पडायच्या आत त्यांनी त्याला झोळीतून गावात उतरवले. त्या दिवशी अडचणी तीन होत्या: ओला पडदा, संपत आलेली बॅटरी आणि चुकीचे सिम. फोन निवडताना मी या तिन्हींचा विचार केला.

एक्सकव्हर ७ भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, तेव्हा त्याची किंमत सुमारे २७,००० रुपये होती. त्याच किमतीत अधिक वेगवान, अधिक सुंदर पडद्याचे आणि कितीतरी चांगल्या कॅमेऱ्याचे फोन मिळत होते आणि आजही मिळतात. तरीही मी हा घेतला, कारण त्याचे मागचे झाकण नखाने उघडते आणि बॅटरी हाताने काढता येते. पंधरा वर्षांपूर्वी बहुतेक साऱ्या फोनमध्ये असलेली ही सोय आता इतकी दुर्मीळ झाली आहे की तिचे मोल नव्याने सांगावे लागते. बॅटरी ४,०५० एमएएचची (एमएएच हे साठवलेल्या विजेचे माप), म्हणजे आजच्या मानाने लहानच आहे. परंतु पूर्ण भरलेली दुसरी बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवली, की एका मिनिटात फोन पुन्हा शंभर टक्क्यांवर येतो. त्यासाठी वायर लागत नाही, कोरडे चार्जिंगचे तोंड लागत नाही आणि तासभर थांबावेही लागत नाही.

पॉवर बँकेचा हिशेब याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. १०,००० एमएएच असे जे तिच्यावर लिहिलेले असते ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे माप असते. ती वीज ५ व्होल्टला चढवताना आणि फोनमध्ये शिरताना काही भाग उष्णतेत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात साधारण ६,००० ते ६,५०० एमएएचच हाती लागतात. पॉवर बँक टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही, दोन-तीन मुक्कामांच्या मोहिमेत ती लागतेच. पण भर पावसात उघड्या धारेवर ती निरुपयोगी असते, आणि नेमकी तिथेच गरज पडते.

बॅटरी बदलताना एक काळजी मात्र कटाक्षाने घ्यावी लागते. या फोनला आयपी६८ दर्जा आहे, म्हणजे दीड मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास तो टिकावा अशी अपेक्षा आहे. परंतु हा दर्जा मागच्या झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीवर अवलंबून आहे. झाकण बसवताना चारही कडा अंगठ्याने दाबत फिरावे लागते, आणि पट्टीवर मातीचा कण किंवा गवताची काडी राहिली तर पाणी आत जाण्याचा धोका असतो. म्हणून मी बॅटरी नेहमी एखाद्या कपारीत, लेण्यात किंवा निदान छत्रीखाली बदलते आणि त्याआधी रुमालाने कडा पुसून घेते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आयपीचे आकडे स्थिर, गोड्या पाण्याचे असतात. धबधब्याखाली उभे राहिल्यावर पडणारा पाण्याचा मारा किंवा कोकणातल्या खाडीचे खारे पाणी त्या चाचणीत धरलेले नसते. ‘मिल-एसटीडी-८१०एच’ या लष्करी मानकाचा शिक्काही तारतम्यानेच वाचावा, कारण त्या मानकातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनी स्वतः ठरवू शकते.

हातमोजे घालून वापरण्यासाठी पडद्याची संवेदनशीलता वाढवता येते आणि मी ती पावसाळाभर चालू ठेवते. त्याहून उपयोगी ठरली ती फोनच्या कडेची जादा कळ, जिला आपल्या पसंतीचे काम नेमून देता येते. मी तिला नकाशाचे ॲप दिले आहे. पडदा ओला असला तरी कळ दाबली की मी कुठे उभी आहे ते दिसते. वजन २४० ग्रॅम आहे आणि ते खिशात जाणवते. चार्जिंग १५ वॅटचे, म्हणजे संथ आहे. परंतु मुक्कामाच्या घरी रात्रभर वीज राहिली तर हा संथपणा अडचणीचा होत नाही, आणि राहिली नाही तर वेगवान चार्जरचाही काही उपयोग नसतो.

फोनविषयी इतके पुरे, कारण माझ्या दृष्टीने सिमची निवड त्याहून अवघड आहे. दुकानात जाऊन ‘डोंगरात कोणते चालते’ असे विचारले तर उत्तर मिळते ते विचारणाऱ्याच्या नव्हे तर विकणाऱ्याच्या सोयीचे. खरे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण सह्याद्रीत रेंज कंपनीप्रमाणे बदलते त्याहून अधिक खोऱ्याप्रमाणे बदलते. टॉवर उभे राहतात ते वस्ती, रस्ता आणि वीज यांच्या आधाराने. घाटमाथ्यावरचा टॉवर माथ्यावरच्या गावासाठी असतो आणि कोकणातला कोकणातल्या गावासाठी. मधला कडा दोघांच्याही हिशेबात नसतो. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४२४ मीटर आहे. तिथे कोकणकड्याच्या धारेवर पश्चिमेला तोंड करून उभे राहिले तर माझ्या फोनला खालच्या मुरबाडकडच्या टॉवरची चाहूल लागते, आणि केदारेश्वराच्या गुहेपाशी खोलगट भागात उतरले की ती पूर्ण जाते. अंतर थोडेच आहे, पण मध्ये डोंगर उभा राहतो.

त्या काड्या दिसूनही फोन का लागत नाही, याचे कारण मला बरेच दिवस कळले नव्हते. काड्या सांगतात ते टॉवरचा आवाज आपल्या फोनपर्यंत किती पोहोचतो एवढेच. आपला आवाज टॉवरपर्यंत पोहोचतो की नाही हे त्या सांगत नाहीत. टॉवर कित्येक वॅट शक्तीने बोलतो, तर ४जीवर आपला फोन जास्तीत जास्त ०.२ वॅटने. जुन्या २जीत, ९०० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरींच्या पट्ट्यावर, फोनला २ वॅटपर्यंत मुभा असते, म्हणून दूरच्या ठिकाणाहून कधी कधी २जीवरचे बोलणे पार पडते आणि ४जीवरचे पडत नाही. २जीलाही मर्यादा आहेच. त्या तंत्राची वेळेची मोजणी साधारणपणे ३५ किलोमीटरच्या पुढच्या फोनला जमेस धरत नाही. उंच शिखरावरून त्याहून दूरचा टॉवर ‘दिसला’, तरी त्याच्यावरून बोलता येत नाही. शिवाय फोन टॉवर शोधत राहतो, पूर्ण ताकदीने ओरडत राहतो आणि त्यातच बॅटरी संपवतो. म्हणून रेंज नाही अशा टप्प्यात फ्लाइट मोड चालू ठेवणे ही माझ्या लेखी पहिली शिस्त आहे. जीपीएस केवळ उपग्रहांकडून ऐकते, पाठवत काही नाही, त्यामुळे फ्लाइट मोडमध्येही नकाशावरचा आपला ठिपका चालूच राहतो.

कंपन्यांचा विचार करताना मी जाहिरातीतल्या वेगाकडे पाहत नाही. मी पाहते ते आवाजी बोलणे कशावरून जाते. जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली तीच ४जीवर, तिच्याकडे २जी नाहीच. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांच्याकडे २जी अजून आहे. यावरून अमुक कंपनी चांगली आणि तमुक वाईट असा निष्कर्ष काढू नये. निष्कर्ष असा आहे की दोन सिम घेताना एक ४जीवर विसंबणारे आणि दुसरे २जीची जोड असणारे घ्यावे, म्हणजे दोन्ही एकाच कारणाने निकामी होत नाहीत. बीएसएनएलचे देशी बनावटीचे ४जी सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर औपचारिकरीत्या सुरू झाले. त्यात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा आहे, आणि कमी वारंवारतेच्या लहरी उंचवट्याला वळसा घालून व झाडीतून अधिक चांगल्या जातात. म्हणून फोन घेताना त्यात ५, ८ आणि २८ या क्रमांकांचे, कमी वारंवारतेचे ४जी पट्टे आहेत ना, हे पाहावे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये ते बहुधा असतात. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या फोनमध्ये असतीलच असे नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या आदेशामुळे कंपन्यांना आता आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे लागतात. मी निघण्याआधी ते पाहते, पण त्यावर मुक्काम ठरवत नाही. नकाशावरचा रंग गणिताने काढलेला असतो आणि कड्याच्या पोटातली घळ त्या गणितात सापडत नाही. त्याहून भरवशाचे उत्तर गावातच मिळते. हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनईला एकदा मी मुक्कामाच्या घरधनिणीला विचारले, तेव्हा त्यांनी चुलीपुढून न उठताच सांगितले, “ताई, घरात हे कार्ड चालतं. ते दुसरं देवळापाशी गेल्यावर लागतं. आणि लाइट गेली की दुपारपर्यंत दोन्ही जातात.” तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे होते. टॉवरलाही वीज लागते. पावसात ती गेली की टॉवर त्याच्या बॅटऱ्यांवर आणि असलाच तर जनरेटरवर काही तास चालतो आणि मग बंद पडतो. त्यामुळे सकाळी गावात रेंज होती म्हणजे संध्याकाळीही ती असेल, असे पावसाळ्यात धरून चालू नये. आता मी मुक्कामाला पोहोचल्याबरोबर कोणते कार्ड कुठे लागते आणि लाइट केव्हापासून नाही, हे दोन्ही विचारते.

एक चांगला बदलही नोंदवला पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरवर आपसातील रोमिंगची सोय सुरू केली. अशा सुमारे २७,००० टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांपैकी कोणाचाही ग्राहक दुसऱ्याच्या टॉवरवरून सेवा घेऊ शकतो. दुर्गम वाड्यांसाठी हे टॉवर आहेत, म्हणजे नेमक्या आपल्या वाटांच्या आसपास. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा रोमिंग बंद असेल तर इंटरनेट मिळण्यात अडचण येऊ शकते, म्हणून निघण्याआधी ते चालू करावे. याशिवाय ११२ हा आपत्कालीन क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसताना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. फोनच्या पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे दिसते तेव्हा त्याचा अर्थ हाच असतो की जवळपास कोणाचा तरी टॉवर आहे. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदतक्रमांक आणि मुक्कामाच्या घराचा क्रमांक मी फोनमध्ये तर ठेवतेच, पण कागदावर लिहून सॅकच्या झाकणातही ठेवते.

निरोप कसा पाठवायचा, तेही आधी ठरवलेले असावे. रेंज अगदी क्षीण असताना व्हॉट्सॲपचा संदेश फिरत राहतो आणि जात नाही, तर साधा एसएमएस क्षणभर मिळालेल्या संपर्कातही निसटून जातो. मी अक्षांश-रेखांश, जखमी माणसांची संख्या, दुखापतीचे स्वरूप आणि आम्ही थांबणार की उतरणार, एवढ्या चार गोष्टींचा मसुदा आधीच लिहून ठेवते आणि वेळेला फक्त आकडे भरते.

नकाशाविषयी थोडे. गूगल मॅप्स ऑफलाइन उतरवून घेतला तरी रेंज नसताना तो पायी जाण्याची दिशा देत नाही, आणि घाटवाटा त्यावर मुळात अभावानेच आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही ॲप पूर्ण जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये साठवतात आणि त्यांवर अनेक पायवाटा स्वयंसेवकांनी नोंदवलेल्या आहेत. तरीही नोंदवलेली वाट या वर्षीच्या पावसात ढासळलेली असू शकते. नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी, जिथे दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आहेत, उपग्रहांचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि नकाशावरचा ठिपका बाजूच्या सोंडेवर उडी मारतो. अशा जागी फोनपेक्षा बेलपाड्याच्या वाटाड्याचे ऐकावे, असे माझे ठाम मत आहे.

मग थेट उपग्रहावरून बोलणारे यंत्रच का घेऊ नये, असा प्रश्न विशेषतः परदेशी राहणारे आपले लोक विचारतात. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन बाळगणे बेकायदा आहे, आणि गार्मिन इनरीचसारखी संदेशयंत्रेही त्यात येतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटूला अशाच यंत्रावरून अडवण्यात आले होते. अमेरिकेत वा युरोपात डोंगरावर जाताना ते यंत्र जवळ असणे शहाणपणाचे असेल, पण सुटीत रायगड-राजगड पाहायला येताना ते घरीच ठेवावे. आयफोनमधील उपग्रहावरून मदत मागण्याची सोयही भारतात उपलब्ध नाही, त्यामुळे केवळ तिच्यासाठी तो फोन घेऊ नये.

हिमालयात जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की महाराष्ट्रात घेतलेले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. आमच्या गटातल्या दोघांनी यासाठीच एक सिम कायमचे पोस्टपेड करून घेतले. थंडीत बॅटरीची ताकद झपाट्याने उतरते, तेव्हा दुसरी बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवता येणे हा या फोनचा तिथेही फायदाच आहे.

उलट वासोट्याला जाताना मला यातले फारसे काही लागत नाही. बामणोलीहून होडीने शिवसागर ओलांडला की पलीकडे कोयना अभयारण्याचे निर्मनुष्य रान आहे. तिथली गावे केव्हाच उठली. माणसे नाहीत म्हणून टॉवर नाहीत, आणि ते तसेच राहावे असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी दोन्ही सिम निकामी असतात. परतीची वेळ होडीवाल्या दादांशी ठरलेली असते आणि घरी सांगितलेले असते की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही. फोन फ्लाइट मोडमध्ये राहतो आणि एका बॅटरीत दिवस सहज निघतो.

ज्याला रानफुलांचे आणि पक्ष्यांचे उत्तम फोटो हवे आहेत त्याने एक्सकव्हर ७ घेऊ नये, त्याचा कॅमेरा कामचलाऊ आहे. ज्याला वर्षातून एकदा कळसूबाई करायची आहे त्याच्याकडे असलेला फोन, एक दुसरे सिम आणि पाणी न शिरणारी पिशवी एवढे पुरे आहे. जे महिन्यातून दोनदा बाहेर पडतात आणि ज्यांच्या भरवशावर दहा-पंधरा जण चालत असतात, त्यांना मी हा फोन सुचवते. घेतानाच कंपनीची अस्सल बॅटरी आणखी एक मागवून ठेवावी, आणि दोन्हींवर तारीख लिहून त्या आलटून-पालटून वापराव्यात. माझी पहिली बॅटरी आता पूर्वीइतकी टिकत नाही, म्हणून येत्या जूनच्या आत मी तिसरी घेणार आहे.